लहान खाजगी शाळा कशी निवडायची? गोव्यातल्या पालकांसाठी, पहिली ते आठवी

आमच्या मुलीची शाळा आम्हाला एकदा बदलावी लागली आहे. तिसरीत होती ती. फोंड्याच्या बाजूला, जुन्या घरात भरणारी छोटीशी शाळा, वर्गात बारा मुलं, अंगणात आंब्याचं झाड, आणि तिथल्या दोन टीचर इतक्या चांगल्या की आम्ही बाकी काहीच विचारलं नाही. त्या दोघी गणेश चवथीच्या सुट्टीनंतर परत आल्याच नाहीत. मग वर्ष संपेपर्यंत तिसरीच्या वर्गाला तीन वेगवेगळ्या टीचर मिळाल्या, मुलगी सकाळी उठल्या उठल्या पोट दुखतंय म्हणायला लागली, आणि शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला गेलो तेव्हा कळलं की शाळेला मान्यता फक्त चौथीपर्यंतचीच होती आणि पाचवी-सहावीचे वर्ग तसेच चालू होते. त्या वर्गातल्या मुलांच्या आईवडिलांनी तो अख्खा उन्हाळा कसा काढला ते मी जवळून पाहिलंय.

त्यानंतर आम्ही सात शाळा पाहिल्या. त्यातून जे शिकले ते ओळखीच्या बऱ्याच जणांना फोनवर सांगत असते, आता एकदाच नीट लिहून ठेवते. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं त्याच्या उजेडात वाचता येईल. मोठ्या शाळेत दोन टीचर गेल्या तरी शाळा चालत राहते, लहान शाळेत दोन-तीन माणसं म्हणजेच शाळा असते. त्यामुळे इमारत, युनिफॉर्म, स्मार्ट बोर्ड हे सगळं नंतर. आधी ती माणसं कोण, ती किती वर्षं टिकतात, आणि ती उद्या नसली तर मुलाच्या हातात कागदोपत्री काय उरतं, हे बघायचं.

पहिली पायरी: फॉर्म आणायच्या आधी घरात बसून बोला

आम्ही पहिल्या वेळी हे केलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी नवरा, मी आणि सासूबाई एका रविवारी वही घेऊन बसलो आणि तीन गोष्टी लिहून काढल्या: माध्यम कुठलं, रोजचा प्रवास जास्तीत जास्त किती, आणि वर्षाला एकूण किती पैसे आपण ओढाताण न करता देऊ शकतो.

माध्यमाचा प्रश्न गोव्यात फार आतला आहे आणि तो टाळून चालत नाही. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः मराठी आणि कोंकणी, पण पाचवीनंतर बहुतेक सगळीकडे इंग्रजी माध्यम. १९९० पासून प्राथमिकचं सरकारी अनुदान देशी भाषांच्या शाळांसाठीच ठेवलं होतं, २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिकलाही अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा केवढं आंदोलन झालं ते सगळ्यांना आठवत असेल. आजची नवी लहान खाजगी शाळा बहुतेक वेळा विनाअनुदानित इंग्रजी असते, म्हणजे पगार, भाडं, वीज सगळं आपल्या फीमधून जातं. माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे, जिथे घरात मराठी वाचली जाते तिथे चौथीपर्यंत मराठी हाच चांगला पाया, मूल एकदा एका भाषेत समजून वाचायला शिकलं की दुसरी भाषा त्याच पायावर उभी राहते. पण जवळ मराठी शाळेत आठ मुलं आणि एकच टीचर असेल आणि इंग्रजी शाळा खरंच चांगली असेल तर मी कुणाला दोष देणार नाही. फक्त इंग्रजी शाळेत एवढं नक्की विचारा की मराठी किंवा कोंकणी कितवीपासून, आठवड्याला किती तास, आणि शिकवणारी टीचर कोण. "आहे ना विषय" हे उत्तर पुरेसं नाही. मुलांची त्या विषयाची वही मागून बघा, सगळं कळतं.

प्रवासाचं म्हणाल तर गूगल मॅपवर बघू नका. ज्या वेळेला मूल जाणार त्याच वेळेला, कामाच्या दिवशी, शक्य असेल तर पावसात, एकदा स्वतः जाऊन या. पर्वरीच्या हायवेवर किंवा बोरीच्या पुलावर सकाळी काय होतं ते तिथे अडकल्याशिवाय कळत नाही, आणि चोडण-दिवाडीच्या लोकांना तर फेरीबोटीची रांगही धरावी लागते. आमची एक शाळा फक्त याच कारणाने गळली, शाळा सुंदर होती पण परत येताना पाऊण तास लागत होता, आठ वर्षांचं मूल दिवसाला दीड तास गाडीत काढणार आणि मग घरी येऊन खेळणार कधी.

वेळेचंही बघा. २०२५ पासून सहावी ते दहावीच्या वर्गांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू व्हायला लागलं, म्हणजे मिडल स्कूलमध्ये बदली करायची असेल तर जूनची वाट बघून चालत नाही, आधीच्या वर्षीची चवथ झाली की शाळा बघायला लागा. दिवाळी ते नाताळ हा शाळा पाहायचा सगळ्यात चांगला काळ, पाऊस गेलेला असतो, वर्ग रुळलेले असतात, आणि प्रवेशाची गर्दी अजून नसल्यामुळे हेडमास्तरांना बोलायला वेळ असतो.

दुसरी पायरी: कागद

कागद मागायला आपल्याला लाज वाटते. मलाही वाटली होती. पण ज्या शाळेने कागद हसतमुखाने दाखवले ती शाळा पुढेही मोकळी निघाली, आणि ज्यांनी "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का" म्हटलं त्यांच्याकडे आम्ही परत गेलोच नाही.

पहिला कागद मान्यतेचा. शिक्षण हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवताच येत नाही, चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारापर्यंत. तुम्ही बघायचं ते हे, की मान्यता कितवी ते कितवीपर्यंत आहे, कुठल्या माध्यमासाठी आहे, आणि कुठल्या पत्त्यावर आहे. तिन्ही वाचा. आमची चूक पहिल्यातच झाली होती. गोव्यात जुनी प्राथमिक म्हणजे पहिली ते चौथी, पाचवीपासून पुढचा टप्पा, त्यामुळे चौथीपर्यंतची मान्यता असलेली शाळा "आम्ही हळूहळू वाढवतोय" म्हणून पाचवी सुरू करते हे सहज घडू शकतं. वाढवू देत, पण वाढीव वर्गाचा आदेश हातात आल्यावर.

दुसरं म्हणजे शाळेचा युडायस नंबर, म्हणजे सरकारच्या देशभरच्या शाळांच्या नोंदीतला तिचा क्रमांक. हा अकरा आकडी असतो आणि गोव्यातल्या शाळेचा ३० ने सुरू होतो. युडायस प्लसच्या साइटवर "नो युवर स्कूल" मध्ये जाऊन शाळेचं नाव शोधलं की कुठले वर्ग दाखवलेत, शिक्षक किती, व्यवस्थापन कसलं, हे दिसतं. शाळा तोंडाने सांगते ते आणि तिथे दिसतं ते जुळतंय का बघा. जुळलं नाही तर तुमच्या तालुक्याच्या भागशिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन सरळ विचारा, लोक उगाच घाबरतात, मला तिथे दहा मिनिटांत उत्तर मिळालं होतं.

तिसरं, "सीबीएसई पॅटर्न" या शब्दापाशी थांबा. पॅटर्न म्हणजे पुस्तकं ती वापरतो एवढंच, संलग्नता वेगळी गोष्ट. संलग्नता असेल तर शाळेला नंबर असतो आणि तो बोर्डाच्या साइटवर सापडतो. पहिली ते आठवीच्या शाळेत पॅटर्न असणं वाईट नाही, पण त्यासाठी जास्त फी घेत असतील तर नेमकं कशाची घेतात ते विचारा.

गोव्यात आणखी एक प्रकार वाढलाय, शाळा म्हणवून न घेणारी लर्निंग सेंटर्स, बाहेरून येऊन राहिलेल्या कुटुंबांमध्ये जास्त दिसतात. काही ठिकाणी मुलं खरंच आनंदात शिकतात, मी पाहिलंय. पण तिथून शाळेचा दाखला मिळत नाही, पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणजे एनआयओएसचा रस्ता धरावा लागतो. एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षणात ए, बी, सी अशा पातळ्या असतात, त्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या, आणि दहावीच्या परीक्षेला वय किमान १४ लागतं. हा रस्ता निवडायचा तर तो डोळे उघडे ठेवून, पहिल्या दिवसापासून माहीत असून निवडा.

आणि एक बारीक मुद्दा, अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. त्या शाळा चांगल्या नसतात असं अजिबात नाही, गोव्यात कितीतरी पिढ्या त्यात शिकल्या. पण खाली मी या कायद्याचे जे नियम सांगणार आहे ते तिथे हक्काने मागता येत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

तिसरी पायरी: आठवीनंतर काय, हे पहिलीतच विचारा

पालक पहिलीच्या प्रवेशाला जातात तेव्हा नववी कुणाच्या डोक्यात नसते. पण आठवीपर्यंतच्याच शाळेत मूल घातलं तर तेरा-चौदाव्या वर्षी, म्हणजे सगळ्यात नाजूक वयात, त्याला नवीन शाळेत जायचंय, तेही दहावीच्या तोंडावर. म्हणून हेडमास्तरांना विचारा, गेल्या तीन वर्षांत आठवी झालेली मुलं कुठे कुठे गेली? नावं नकोत, शाळा सांगा. ज्यांना हे तोंडपाठ येतं त्यांचं मुलांवर शेवटपर्यंत लक्ष असतं. "जातात कुठेतरी, सगळ्यांना ॲडमिशन मिळतं" असं म्हणाले तर मग तुम्हीच जवळच्या दोन हायस्कूलमध्ये जाऊन विचारा की बाहेरून नववीत किती मुलं घेता आणि कशाच्या आधारावर. तिथे तिसरी भाषा कुठली आहे तेही विचारा. माझ्या जावेचा मुलगा आठवीपर्यंत कोंकणी शिकला आणि जवळच्या हायस्कूलमध्ये त्या जागी फक्त मराठी आणि हिंदीची सोय होती, बिचाऱ्याला मे महिनाभर बसून तयारी करावी लागली.

चौथी पायरी: शाळेत जाऊन बघणं

यावर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण खरं इथेच कळतं.

ओपन डे, ॲन्युअल डे, सायन्स एक्झिबिशन, यांना जा हवं तर, पण त्यावर ठरवू नका. साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, मधल्या सुट्टीच्या अर्धा तास आधी पोचाल असं जा. आधी फोन करून जा, न सांगता धाडकन गेलात तर चांगली शाळाही गेटवरच थांबवेल आणि थांबवायलाच हवं, कुणीही आत शिरू शकतो अशी शाळा मला नकोच आहे.

आत गेल्यावर आधी कान लावा. लहान शाळेत आवाज असतो, आणि असायला हवा. मला काळजी वाटते ती दोन प्रकारच्या आवाजांची: एक, टीचरचाच चढलेला आवाज सगळ्या वर्गांतून ऐकू येतोय, आणि दुसरं, अजिबात काही ऐकू येत नाहीये. एका शाळेत आम्ही व्हरांड्यात उभे होतो, टीचर फोन घ्यायला बाहेर आली आणि आतली मुलं हळू आवाजात आपापलं करत राहिली, एकाने दुसऱ्याला गणित समजावलं. तीच शाळा आम्ही शेवटी घेतली. दुसऱ्या एका शाळेत टीचर बाहेर पडताच मॉनिटरने फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायला सुरुवात केली होती.

वह्या मागा. नवीन नको, याच टर्मच्या, आणि शाळेने निवडून दिलेली एक नाही तर कपाटातल्या वरच्या पाच. पाचही वह्यांत उत्तरं शब्दन् शब्द सारखी असतील तर मुलं फळ्यावरून उतरवतायत, शिकत नाहीयेत. चुका दिसल्या तर आनंद माना, आणि त्या चुकांपाशी टीचरने काय केलंय ते बघा: नुसती लाल फुली की काहीतरी लिहिलंय, आणि मुलाने ते परत करून बघितलंय का.

वाचन कसं आहे ते विचारा. सरकारच्या निपुण भारत कार्यक्रमात, जो २०२१ मध्ये सुरू झाला, तिसरीच्या शेवटी मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला साधारण ६० शब्द या वेगाने आणि अर्थ समजून वाचावा असं ठरवलंय. शाळेला हे माहीत आहे का आणि जे मूल तिथपर्यंत पोचत नाही त्याचं काय करतात, हे विचारा. "ट्यूशन लावा म्हणून सांगतो" असं उत्तर आलं तर बारा मुलांच्या वर्गाचा उपयोग काय झाला? शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खाजगी शिकवणी घेताच येत नाही, त्यामुळे त्याच शाळेची टीचर संध्याकाळी त्याच मुलांच्या ट्यूशन घेत असेल तर तिथे काहीतरी बिघडलेलं आहे.

लायब्ररी असेल तर दोन-तीन पुस्तकं काढून मागची तारखांची चिठ्ठी बघा, शेवटचं कधी बाहेर गेलं होतं. कपाटाला कुलूप असेल तर समजून जा. मराठी पुस्तकं आहेत का तेही बघा, इंग्रजी शाळेत असली तर ती शाळा भाषेबद्दल खरं बोलतेय.

दोन इयत्ता एकत्र बसवलेल्या दिसल्या तर लगेच नाक मुरडू नका. सहावी-सातवी एकत्र असणं लहान शाळेत सर्रास आहे आणि टीचर तयारीची असेल तर मोठी मुलं लहानांना शिकवताना स्वतः पक्की होतात. फक्त टीचरला विचारा, आज सातवीला शिकवत होतात तेव्हा सहावी काय करत होती? तिने लगेच नेमकं सांगितलं तर ठीक. अडखळली तर सहावी वाट बघत बसली होती.

दप्तर उचलून बघा, खरंच हातात घेऊन. २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो, सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो असं आहे, आणि दुसरीपर्यंत होमवर्क नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. बहुतेक शाळा हे पाळत नाहीत, पण विचारलं की शाळेचा स्वभाव कळतो.

आणि टॉयलेट. स्वतः आत जा. पाणी येतंय का, दाराला आतून कडी आहे का, मुलींचं वेगळं आहे का, सहावी-सातवीच्या मुलींसाठी पॅड टाकायची सोय आहे का. माझ्या मुलीने पहिल्या शाळेत दिवसभर पाणी प्यायचं सोडलं होतं, फक्त तिथे जावं लागू नये म्हणून, आणि मला हे कित्येक महिन्यांनी कळलं. त्यामुळे या एका गोष्टीवर मी कुणाचंही ऐकत नाही.

पाचवी पायरी: टीचर

इथे चार प्रश्न विचारायचे, सरळ. या शाळेत सगळ्यात जुनी टीचर किती वर्षं आहे? गेल्या दोन वर्षांत किती जणी सोडून गेल्या? एखादी रजेवर गेली तर वर्ग कोण घेतं? आणि गणित-विज्ञान सहावी ते आठवीला कोण शिकवतं, त्यांचं शिक्षण काय?

शेवटच्या प्रश्नावर लहान शाळा बऱ्याचदा अडतात. प्राथमिकला प्रेमळ, हुशार एक टीचर सगळं निभावून नेते, पण सातवीचं बीजगणित आणि विज्ञान तसं निभत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा, या तिन्हींना किमान एकेक शिक्षक हवा असं म्हटलंय, आणि एका शिक्षकामागे ३५ मुलं, पहिली ते पाचवीला ३०. मुलांची संख्या लहान शाळेत आपोआप कमीच असते, तिथे प्रश्न विषयाच्या शिक्षकाचा असतो. प्राथमिकच्या टीचरचं डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका, आहे का तेही बघा, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की प्राथमिकसाठी बीएड चालत नाही, कारण लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे.

पगाराचं विचारायचं का? मी विचारलं. आकडा नाही, "पगार महिन्याच्या महिन्याला होतो ना" एवढंच, आणि तेही हेडमास्तरांना नाही, टीचरलाच, बोलता बोलता. तिने मान खाली घातली. पहिल्या शाळेतल्या त्या दोघी का गेल्या ते मला त्या दिवशी उमगलं.

सहावी पायरी: वर्गातली इतर मुलं

"लहान वर्ग" ऐकून आपण खूश होतो, पण मुलाच्या बाजूने विचार करा. वर्गात आठ मुलं आणि त्यात मुली दोनच, त्यातली एक जून महिन्यात गाव सोडून गेली, तर तुमची मुलगी एकटी. एखादा मुलगा त्रास देत असेल तर मोठ्या शाळेत तुकडी बदलून मागता येते, इथे आठवीपर्यंत तोच शेजारी. म्हणून विचारा की दोन मुलांचं पटत नसेल तर तुम्ही काय करता, शेवटचं असं कधी झालं होतं? ज्या हेडमिस्ट्रेसने आम्हाला एक खरी गोष्ट सांगितली, नावं न घेता, की कसं दोन महिने लागले आणि शेवटी काय केलं, तिच्यावर माझा विश्वास बसला. "आमच्याकडे असं होतच नाही" म्हणणाऱ्यांवर नाही बसला.

माझ्या मते एका इयत्तेत बारा ते वीस मुलं असली तर बरं. त्याहून कमी असतील तर सहावी-सातवीत खेळाच्या टीमही होत नाहीत आणि मुलं कंटाळतात.

सातवी पायरी: पैसे

फी विचारू नका, "वर्षाला घरातून एकूण किती जाणार" ते कागदावर मागा. ट्यूशन फी, टर्म फी, पुस्तकं, युनिफॉर्म दोन जोड, रेनकोट-सँडल, बस, पिकनिक, ॲन्युअल डेचा ड्रेस, कॉम्प्युटर किंवा रोबोटिक्सची वेगळी फी, डिपॉझिट. उदाहरण म्हणून धरा, फी महिन्याला ३,००० सांगितली तर आपल्या डोक्यात ३६,००० बसतात, पण बस १,५०० ची दहा महिने म्हणजे १५,०००, पुस्तकं-कपडे १०,०००, बाकी किरकोळ ५,०००, झाले ६६,०००. मग त्यावर दरवर्षी दहा टक्के वाढ धरून चार वर्षांनी काय होतं ते काढा, ९६ हजारांच्या वर जातं. तेवढं झेपत असेल तरच पुढे.

अनुदानित शाळांना सरकारच्या बालरथ योजनेच्या बस मिळतात, मध्यान्ह आहार मिळतो, विनाअनुदानितमध्ये हे तुमच्या खिशातून. हा फरक वर्षाकाठी मोठा पडतो.

डोनेशन मागितलं तर? शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ सांगतं की कॅपिटेशन फी घेता येत नाही, घेतली तर तिच्या दहा पटीपर्यंत दंड. मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत-परीक्षा घेऊन निवड करणंही चालत नाही, त्याला पहिल्यांदा २५,००० आणि पुढे दरवेळी ५०,००० पर्यंत दंड आहे. प्रत्येक पैशाची पावती घ्या, आणि पावतीवर ट्यूशन फी वेगळी लिहून मागा, कारण जुन्या करप्रणालीत दोन मुलांपर्यंतची ट्यूशन फी दीड लाखाच्या मर्यादेत वजा मिळते, बस आणि डोनेशन त्यात धरत नाहीत. प्रवेश घेऊन सोडला तर किती पैसे परत, हेही लेखी.

आठवी पायरी: सुरक्षितता

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला एका खाजगी शाळेला आग लागली, स्वयंपाकघरातून झावळ्यांच्या छपराला, आणि ९४ मुलं गेली. मी हे घाबरवायला सांगत नाही. घरात भरणाऱ्या शाळेत पहिल्या मजल्यावर वर्ग असेल आणि जिना एकच, अरुंद, खाली स्वयंपाकाचा सिलिंडर, तर तिथे मूल घालू नका, शाळा कितीही प्रेमळ असली तरी. खाली यायच्या दोन वाटा, दारं बाहेर उघडणारी, अग्निशामक सिलिंडरवर या वर्षीची तारीख, फायर एनओसी, एवढं बघा.

गोव्याच्या घरांमध्ये आणखी दोन गोष्टी: आवारातली विहीर जाळीने झाकलेली आहे का, आणि चिऱ्याची जुनी कंपाउंड वॉल पावसात कशी दिसते. जूनमध्ये भिजून फुगलेली भिंत आणि तिच्याशेजारी खेळणारी मुलं, हे मी एका शाळेत पाहिलं आणि तिथून निघाले. अतिवृष्टीची सुट्टी अचानक जाहीर झाली तर पालकांना कसं कळवतात, मुलं शाळेत पोचलेली असतील तर कुणाकडे सोपवतात, हेही विचारा.

बस असेल तर पिवळी, शाळेचं नाव-फोन लिहिलेली, खिडक्यांना आडवे बार, वेग आवरायचं यंत्र, आणि ड्रायव्हरशिवाय एक माणूस. खाजगी व्हॅनमध्ये पंधरा मुलं कोंबतात तसं नको. शाळेत काम करणाऱ्या सगळ्यांची, म्हणजे शिपाई, ड्रायव्हर, खेळाचे सर, पोलीस पडताळणी झाली आहे का, आणि मुलांना चांगला-वाईट स्पर्श कोण शिकवतं, हे विचारायला संकोच करू नका. मुलांसाठीचा १०९८ हा नंबर भिंतीवर मुलांच्या उंचीला लावलेला दिसला तर मला त्या शाळेबद्दल आदर वाटतो. आणि मारणं, कान धरून उभं करणं, अपमान करणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद आहे, त्यावर "थोडंसं तरी लागतंच" म्हणणाऱ्या हेडमास्तरांच्या शाळेत पाऊल टाकू नका.

नववी पायरी: सोडून गेलेल्यांशी बोला

शाळा ज्या पालकांचे नंबर देते ते खूशच असतात. तुम्ही शोधा ते मूल काढून नेलेले पालक. शाळेजवळच्या दुकानात, बसच्या ड्रायव्हरकडे, देवळाच्या जत्रेत, गोव्यात दोन माणसांत ओळख निघतेच. त्यांना "शाळा कशी होती" नका विचारू, तक्रारींचा पाढा सुरू होईल. विचारा, "सोडायचं कधी ठरवलंत, त्या आठवड्यात काय झालं होतं?" तीन घरांतून तेच कारण ऐकू आलं तर ते खरं. एकाच घरातून आलं तर ते त्यांच्या मुलापुरतंही असू शकतं.

दहावी पायरी: मुलाला एक दिवस तिथे बसवा

लहान शाळा बहुतेक हो म्हणतात. घरी आल्यावर "आवडली का" विचारू नका, मुलं आपल्याला आवडेल ते सांगतात. जेवताना विचारा, डबा कुणाबरोबर खाल्लास, टीचरचं नाव काय, कोण रडलं का आज. माझी मुलगी त्या शेवटच्या शाळेतून आली तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं की टीचरला माझं नाव पहिल्यांदा चुकलं आणि मग तिने सॉरी म्हटलं. आठ वर्षांच्या मुलीला ते लक्षात राहिलं.

प्रवेश घेताना

जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, फोटो, आधीच्या शाळेचा दाखला आणि प्रगतीपुस्तक, आणि मुलाचा पेन नंबर म्हणजे कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक, हा आधीच्या शाळेकडून मागून घ्या, त्याशिवाय नवी शाळा मुलाला युडायसवर ओढून घेऊ शकत नाही. जुनी शाळा दाखला द्यायला टाळाटाळ करत असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवा, मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. विनाअनुदानित खाजगी शाळेत जाताना मात्र ही सवलत नाही, म्हणून आधी दाखला हातात घ्या, मग नव्या शाळेचे पैसे भरा.

रजिस्टरमध्ये नाव लिहिताना समोर उभं राहून स्पेलिंग बघा. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं, हा घोळ आपल्याकडे आडनावांत फार होतो, नाईक, कामत, शिरोडकर, गावकर, प्रत्येकाचे इंग्रजीत दोन-तीन प्रकार. दहावीच्या वेळी ते दुरुस्त करायला जे खेटे घालावे लागतात त्यापेक्षा आज पाच मिनिटं जास्त थांबा. आणि निघायच्या आधी वर्गशिक्षिकेला भेटून एवढंच ठरवून घ्या की पहिल्या महिन्यात काही वेगळं दिसलं, मूल जेवत नाहीये, गप्प बसतंय, तर ती कुणाच्या फोनवर कळवणार, आणि तो नंबर तिच्या डायरीत तुमच्यासमोर लिहून घ्या.